दिव्यांगत्व प्रमाणपत्र ते हक्काचा रॅम्प: अर्ज, पोच आणि पाठपुरावा

दिव्यांग व्यक्तीच्या हक्कांचा विषय निघाला की बहुतेक घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते: “साहेब म्हणाले, होऊन जाईल.” कोणते साहेब, कोणत्या तारखेला म्हणाले आणि नेमके काय होऊन जाणार, याचा कागद मात्र कोणाकडेच नसतो. मला लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायात कॅलिपर आहे, आणि तालुक्याच्या गावी इतरांचे अर्ज लिहून देता देता मला एक सवय जडली आहे. मागणी लेखी करायची आणि आपल्या प्रतीवर तारीख, सही व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा चांगला आहे, पण तो वापरायचा तर त्याची सुरुवात अशा पोच घेतलेल्या कागदापासूनच होते.

हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता ते २१ आहेत. अंधत्व, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग हे प्रकार सर्वांना ठाऊक असतात. परंतु स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि ॲसिड हल्ल्यातून आलेले व्यंग हेही यादीत आहेत, हे अनेकांना माहीत नसते. नंदुरबार आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण असलेली कितीतरी कुटुंबे आहेत आणि त्यांतल्या अनेकांनी “आमचे हातपाय धड आहेत, आम्हाला कोण प्रमाणपत्र देणार?” म्हणून अर्जच केलेला नसतो. तेव्हा पहिली पायरी म्हणजे आपला आजार किंवा व्यंग ह्या २१ मध्ये येते का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारणे.

अर्ज भरताना

१ जून २०२१ पासून दिव्यांगत्व प्रमाणपत्र फक्त केंद्र शासनाच्या युडीआयडी, म्हणजेच स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावरूनच दिले जाते. अर्ज मोबाइलवरून भरता येतो, पण छायाचित्र आणि कागदपत्रे चढवताना फाइलच्या आकाराची मर्यादा आड येते, म्हणून सेतू केंद्रात किंवा संगणक असलेल्या ओळखीच्या माणसाकडे बसून भरणे सोयीचे जाते. आधार क्रमांक, रहिवासाचा पुरावा आणि सहा महिन्यांपेक्षा जुने नसलेले छायाचित्र एवढे हाताशी असावे. अर्जदार अल्पवयीन असेल किंवा बौद्धिक दिव्यांगत्वामुळे स्वतः अर्ज करू शकत नसेल, तर पालकांना त्याच्या वतीने अर्ज करता येतो.

दोन चुका वारंवार होतात. पहिली नावाची. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि लग्नानंतर शिधापत्रिकेवर तिसरे, असे असेल तर युडीआयडीवर आधारप्रमाणेच नाव घालावे आणि बाकीचे कागद नंतर दुरुस्त करून घ्यावेत. उलट क्रमाने गेल्यास प्रत्येक योजनेच्या खिडकीवर तेच भांडण नव्याने करावे लागते. दुसरी चूक रुग्णालय निवडण्याची. आपण राहतो त्या जिल्ह्यातील सक्षम रुग्णालय निवडता येते, तसेच ज्या शासकीय रुग्णालयात आपल्या व्यंगावर उपचार झाले किंवा चालू आहेत तेही निवडता येते. ज्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या किंवा पुण्याच्या शासकीय रुग्णालयात झाली आहे, त्याला जुनी नोंद तिथेच सापडते, म्हणून हा दुसरा पर्याय लक्षात ठेवावा.

ज्यांच्याकडे २०१२ नंतर महाराष्ट्रात वापरात असलेल्या ‘एसएडीएम’ ह्या प्रमाणपत्राच्या संगणक प्रणालीचे किंवा त्याहून जुने, हाताने लिहिलेले प्रमाणपत्र आहे, त्यांनी ते फेकून देऊ नये. संकेतस्थळावर “प्रमाणपत्र आधीच आहे” असा पर्याय असतो, तो निवडून जुन्या प्रमाणपत्राची प्रत जोडावी. फेरतपासणीला बोलावले तरी पहिल्या नोंदीचा पुरावा म्हणून तो कागद उपयोगी पडतो.

अर्ज भरून झाल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक छापून घ्यावा आणि वहीतही लिहून ठेवावा. मोबाइल बदलला, सिमकार्ड बंद पडले, की ओटीपी येत नाही आणि मग स्वतःचाच अर्ज स्वतःला उघडता येत नाही.

तपासणीचा दिवस

जिल्हा रुग्णालयांत दिव्यांग तपासणीचे वार बहुधा ठरलेले असतात आणि प्रत्येक प्रकाराचे तज्ज्ञ रोज बसत नाहीत. कान-नाक-घसा तज्ज्ञ एका वारी आणि मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या वारी, असे सर्रास होते. म्हणून चाळीस किलोमीटरचा प्रवास करण्याआधी दूरध्वनीवर वार विचारून घ्यावा. सकाळी प्रथम केसपेपर काढावा लागतो. त्या रांगेत दिव्यांग व्यक्तीने तास-तास उभे राहण्याची गरज नाही. बरोबरच्या माणसाला रांगेत ठेवून स्वतः बाकावर बसावे.

मूळ कागदपत्रे आणि दोन छायाप्रती, जुने एक्स-रे, एमआरआय, ऑडिओमेट्री, शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी हे सगळे तारखेच्या क्रमाने लावलेले असावे. तपासणीच्या टेबलावर आपल्या वाट्याला फार तर काही मिनिटे येतात आणि त्या वेळात पिशवीतून कागद शोधत बसणाऱ्याची नोंद अपुरी होते. अस्थिव्यंगात सांध्याची हालचाल किती अंशांपर्यंत होते, स्नायूंची ताकद किती उरली आहे आणि पायांच्या लांबीत फरक किती आहे, हे मोजून टक्केवारी काढतात. म्हणून कॅलिपर किंवा कृत्रिम पाय चटकन काढता येईल असे सैल कपडे घालावेत, आणि घरात वापरतो ती कुबडी, काठी किंवा श्रवणयंत्र सोबत न्यावे. तपासणीच्या दिवशी लाजेखातर काठी घरी ठेवून येणारे मी अनेक पाहिले आहेत. त्याचबरोबर आहे त्यापेक्षा वाढवून सांगण्याच्या फंदातही पडू नये. खोट्या माहितीवर दिव्यांगांसाठीचा लाभ घेणे हा कलम ९१ खाली गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि बनावट प्रमाणपत्रांच्या गाजलेल्या प्रकरणांनंतर पडताळणी कडक झाली आहे.

नियमांत २०२४ साली बदल झाला असून प्रमाणपत्र देण्यासाठी रुग्णालयाला आता अर्जापासून तीन महिन्यांची मुदत आहे. कार्डाचा रंगही टक्केवारीवर ठरतो: ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पांढरे, ४० ते ८० च्या आत असल्यास पिवळे आणि ८० किंवा त्याहून अधिक असल्यास निळे. व्यंगात फरक पडण्याची शक्यता नसेल तर प्रमाणपत्र कायमस्वरूपी मिळते. ते मुदतीचे असेल तर मुदत संपण्याच्या चार-सहा महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज करावा, कारण मध्ये खंड पडला की अनुदान थांबते आणि ते पुन्हा सुरू करून घेणे नव्या अर्जापेक्षा किचकट ठरते.

प्रमाणपत्र नाकारले, तर कारणे लेखी द्यावी लागतात. “तुमचे बसत नाही” एवढे तोंडी ऐकून घरी परतू नये. तिथेच साधा अर्ज लिहून द्यावा: “दिनांक अमुक रोजी माझी तपासणी झाली. माझा अर्ज नाकारण्याची, किंवा टक्केवारी अमुक ठरवण्याची, कारणे व मोजमापांची नोंद मला लेखी मिळावी.” हा अर्ज आवक-जावक विभागात देऊन पोच घ्यावी. निर्णयाविरुद्ध कलम ५९ प्रमाणे अपील करता येते, आणि त्या अपिलाला आधार लागतो तो ह्या लेखी कारणांचाच. अपील कोणाकडे आणि किती मुदतीत करायचे, हेही त्याच अर्जात विचारून ठेवावे.

४० टक्क्यांच्या अलीकडे आणि पलीकडे

आरक्षण आणि बहुतेक योजनांचा लाभ किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल तरच मिळतो. शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट, तसेच सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण, हे सगळे त्या रेषेच्या पलीकडचे आहे. पण भेदभाव न होण्याचा आणि वाजवी सोय मिळण्याचा हक्क ३० टक्केवाल्यालाही आहे. ‘वाजवी सोय’ म्हणजे दुसऱ्यावर अवाजवी भार न पडता, त्या विशिष्ट व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून केलेला बदल. वर्ग पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर आणणे किंवा सूचनाफलकावरचा मजकूर दृष्टिहीन कर्मचाऱ्याला संगणकावर वाचता येईल अशा फाइलमध्ये देणे, ही त्याची साधी उदाहरणे आहेत.

हा फरक परीक्षांमध्ये सर्वांत ठळक दिसतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक (उमेदवार सांगेल ते लिहून देणारा मदतनीस) घेणाऱ्याला दर तासाला किमान २० मिनिटे जादा आणि लेखनिक न घेणाऱ्या पात्र उमेदवारालाही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास अधिक देण्याची तरतूद होती. अंधत्व, दोन्ही हात बाधित असणे आणि सेरेब्रल पाल्सी ह्यांत मागितल्यावर लेखनिक द्यायचा होता. इतरांना लिहिण्यात अडचण असल्याचे जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यात लागत होते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिकाची सोय केवळ ४० टक्क्यांवरील व्यक्तींपुरती ठेवता येणार नाही असे स्पष्ट केले आणि त्यानंतर २०२२ मध्ये त्या गटासाठी वेगळ्या सूचना निघाल्या. शालेय परीक्षांसाठी अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. दहावीच्या फेब्रुवारीत जाग आलेल्या पालकांची फार ओढाताण होते, म्हणून नववीतच मुख्याध्यापकांना पत्र द्यावे.

पैशांच्या आणि प्रवासाच्या योजना

ह्या भागाची माहिती सहज मिळते, म्हणून थोडक्यात सांगतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात होतो; दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये दरमहा २५०० रुपये करण्यात आली. एसटीच्या साध्या बसमध्ये दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेचे प्रकरण निराळे आहे. तिथे सवलतीचे प्रकार मोजके आहेत, प्रमाणपत्राचा नमुना रेल्वेचा असतो आणि सवलतीचे तिकीट ऑनलाइन काढण्यासाठी रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र काढून घ्यावे लागते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. अशा मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज वेळेत करावा. त्या प्रमाणपत्रावाचून पुढे मुलाच्या बँक खात्याचे व्यवहार अडतात.

एक पैसा मात्र गावातच पडून असतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते आणि नगरपालिकांनाही तसेच बंधन आहे. ग्रामसभेत हा विषय निघाला की “यंदा वसुली कमी झाली” असे उत्तर ठरलेले असते. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करावा. मागील तीन वर्षांत ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न वर्षनिहाय किती होते, त्यातून दिव्यांगांसाठी किती रक्कम खर्च झाली आणि लाभार्थ्यांची यादी काय, एवढे तीनच प्रश्न त्यात असावेत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. असे उत्तर हातात घेऊन ग्रामसभेत उभे राहिलेल्या माणसाला ‘वसुली’चे कारण सहसा ऐकवले जात नाही.

बँकेच्या काउंटरवर

दृष्टिहीन व्यक्तीला “चेकबुक देता येणार नाही, अंगठा लावा” असे आजही सांगितले जाते. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना बजावले आहे की चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग आणि कर्ज ह्या सेवा दृष्टिहीनतेच्या कारणावरून नाकारता येत नाहीत. घराबाहेर पडणे अवघड असलेल्या दिव्यांगांना घरपोच मूलभूत सेवा देण्याविषयी २०१७ मध्ये सूचना आल्या आहेत. केवायसीसाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात, जे दृष्टिहीन व्यक्तीला किंवा ॲसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्या व्यक्तीला करता येत नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्याच प्रश्नावर निकाल देऊन पर्यायी पद्धती ठेवण्याचे निर्देश दिले. व्यवस्थापकाने नकार दिला तर भांडू नये, “आपला नकार कृपया लेखी द्यावा” असे म्हणावे. माझ्या अनुभवात निम्मी कामे ह्या एका वाक्यावर झाली आहेत.

उंबरठा, रॅम्प आणि मोजपट्टी

एका सार्वजनिक कार्यालयात मी एकदा माझ्या व्हीलचेअर वापरणाऱ्या मित्राबरोबर गेलो होतो. दारात नवा कोरा रॅम्प होता, त्यावर पिवळा पट्टा आणि व्हीलचेअरचे निळे चित्रही होते. मित्राने चाके दोन हात पुढे नेली आणि खुर्चीची पुढची चाके हवेत उचलली गेली. मी मागून धरले नसते तर तो पाठीवर पडला असता. आम्ही मोजपट्टी लावली. पायऱ्या तीन, प्रत्येकी १५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण चढ ४५ सेंटिमीटर. रॅम्पची लांबी मात्र दोन मीटर होती. निकष १:१२ चा आहे, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी हवी. त्या हिशेबाने तो रॅम्प ५.४ मीटरचा, जवळजवळ अठरा फुटांचा असायला हवा होता. तो बांधणाऱ्याने सिमेंट वापरले, पैसे खर्च केले, आणि चढता न येणारी एक घसरगुंडी तयार केली.

म्हणून कोणत्याही इमारतीबद्दल तक्रार करताना “रॅम्प नीट नाही” असे लिहू नये, आकडे लिहावेत. मोजायच्या गोष्टी फार नाहीत. पायऱ्यांची एकूण उंची आणि रॅम्पची लांबी, रॅम्पच्या दोन्ही बाजूंना कठडा आहे का, वर दार उघडण्याइतकी सपाट जागा आहे का, दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आहे का, आणि स्वच्छतागृहाचे दार बाहेर उघडते की आत. आत उघडणारे दार व्हीलचेअर आत गेल्यावर बंदच होत नाही, ही गोष्ट खुर्चीवर न बसलेल्याच्या ध्यानात येत नाही. रॅम्पसमोर लावलेली दुचाकी आणि कुलूप घातलेले ‘दिव्यांग’ स्वच्छतागृह ह्यांची तारीख-वेळ दिसणारी छायाचित्रे काढावीत. चावी शिपायाकडे असते आणि शिपाई जेवायला गेलेला असतो, हे कोणत्याही नकाशात दिसत नाही.

कायद्याचे म्हणणे असे आहे की निकष पाळल्याशिवाय नव्या इमारतीला बांधकाम परवानगी आणि वापर परवाना देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती आणि नियम जून २०१७ चे आहेत, म्हणजे ती केव्हाच उलटून गेली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असे सांगितले. हा निकाल अर्जात एका ओळीत नमूद करावा. पण अर्जाचे वजन मोजपट्टीच्या आकड्यांनीच वाढते.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत कलमांनी सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. तिथे रोज तोंडे बघायची असतात. सचिवांना पत्र द्यावे, खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे आणि वृद्ध सभासदांच्या सह्या घ्याव्यात. गुडघे दुखणारे सभासद प्रत्येक विंगमध्ये असतात आणि रॅम्प त्यांनाही हवा असतो.

नोकरीच्या ठिकाणी

नोकरीत असताना अपघाताने किंवा आजाराने दिव्यांगत्व आले, तर शासकीय आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. आधीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, तसे पद नसेल तर अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांखेरीज निर्माण केलेल्या जादा पदावर, ठेवावे, असे कलम २० सांगते. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर घाईने सही करून बसलेली माणसे मला भेटली आहेत, म्हणून रुग्णालयातून घरी आल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांत अशा कोणत्याही कागदावर सही करू नये. खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे. त्याची प्रत मनुष्यबळ विभागाकडे ई-मेलने मागावी.

तक्रार कोठे आणि कशी

पहिला अर्ज नेहमी संबंधित कार्यालयाच्या प्रमुखाकडे करावा. शासकीय आस्थापनेत कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो. त्याचे नाव विचारणारे पत्र हीच पुष्कळदा पहिली हालचाल ठरते. तिथे दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पुण्याला अर्ज करता येतो. आयुक्तांना साक्षीदार बोलावणे आणि कागदपत्रे मागवणे अशा बाबतींत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची असते. गोव्यात राहणाऱ्या मराठी वाचकांना त्यांच्या राज्याचे आयुक्त वेगळे आहेत. जाहीरपणे हेतुपुरस्सर अपमान करणे, मारहाण करणे किंवा घरात अन्नपाणी तोडणे हे मात्र कलम ९२ खालचे गुन्हे आहेत, त्यांना सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे, आणि त्यासाठी आयुक्तांची वाट न पाहता पोलीस ठाण्यात जावे.

अर्ज दीड पानापेक्षा मोठा नसावा. सुरुवातीला नाव, पत्ता, युडीआयडी क्रमांक आणि दिव्यांगत्वाचा प्रकार लिहावा. मग घटनाक्रम तारखांसह, एका परिच्छेदात एकच घटना, ह्या पद्धतीने मांडावा. शेवटी मागणी लिहावी आणि ती मोजता येईल अशी असावी: “योग्य ती कार्यवाही व्हावी” असे लिहिले की योग्य काय ते समोरचा ठरवतो. त्याऐवजी “मुख्य दारातील रॅम्प १:१२ उताराचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला, साठ दिवसांत बांधून द्यावा” असे लिहावे. सोबत जोडलेल्या कागदांना क्रमांक द्यावेत आणि आधीच्या अर्जांच्या पोचा वरच ठेवाव्यात. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती अर्जाच्या प्रतीला टाचणीने नव्हे, डिंकाने चिकटवावी. त्या पावत्यांवरची शाई वर्षभरात उडते, म्हणून त्याच दिवशी तिची छायाप्रतही काढून ठेवावी.

सुनावणीची तारीख आली आणि जाणे अवघड असेल तर दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याची परवानगी मागावी. कर्णबधिर व्यक्तीने सांकेतिक भाषेच्या दुभाषाची मागणी तारखेच्या पुरेशी आधी लेखी करावी, कारण ऐनवेळी दुभाषा मिळत नाही आणि तारीख पुढे ढकलली जाते. आदेश झाल्यावर त्याची प्रमाणित प्रत मागून घ्यावी, तीन महिने कोणत्या तारखेला पूर्ण होतात ते दिनदर्शिकेवर लिहावे, आणि त्या दिवशी पुन्हा मोजपट्टी घेऊन त्या दाराशी जावे.